जिन्याखालचं पोतं

या पेजवर आपण एरवी ज्वारीवरचा चिकटा, तुरीची शेंडे खुडणी, कांद्याचं रडगाणं असलं लिहितो. आज रानातली नाही, घरातली नोंद आहे. जरा लांब झालीय. पण पावसानं वाफसा नाही, कुळव बांधावर उभा आहे, तेव्हा वाचून घ्या.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना कॉमेंटमध्ये भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. धान्यातली पाखरं मारायला राहत्या घरात गोळी ठेवू नका. एक नको, अर्धी नको, चिंधीत बांधून नको, डब्याच्या तळाला नको. आणि पाखरू दिसलं की "औषध कोणतं मारू?" हा प्रश्न दुसरा विचारायचा. पहिला प्रश्न, हे पाखरू कुठलं आणि येतंय कुठनं.

हे मी शहाणा म्हणून लिहीत नाही. मागच्या वर्षी श्रावणात मी स्वतः ती गोळी घरात ठेवली होती.

आमचा भाग रब्बी ज्वारीचा. मालदांडी निघाली की वर्षाचं खायचं ठेवून बाकीची विकायची, ही रीत. मागच्या साली अकरा कट्टे घरात ठेवले होते, मधल्या खोलीत, फळ्यांवर. त्या खोलीला लागूनच मागची खोली. तिथं आई आणि माझी धाकटी लेक झोपतात. दोन्ही खोल्यांत दार आहे, पण जुन्या घराचं दार म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. खालून मांजर जाईल एवढी फट.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सौ. म्हणाली, "अहो, भिंतीवर पाखरं बसायलीत. ज्वारीला जाळं लागलं वाटतं." मी गडबडीत होतो. तालुक्याला खताला निघालो होतो, म्हणलं येताना बघतो. बघतो म्हणजे काय, तर दुकानात गेलो आणि म्हणलं, "मामा, धान्यातली गोळी द्या." त्यांनी डबा उघडला, गोळ्या कागदाच्या पुडीत बांधल्या आणि सांगितलं, पोत्यात टाका आणि दार लावून घ्या. कसलं पाखरू, किती धान्य, खोलीत कोण झोपतं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. पुडी मीच घरी आणली, आणि कट्ट्याची तोंडं मीच उसवली.

त्या रात्री पाऊस होता, म्हणून सगळी दारं-खिडक्या बंद. दीड-दोनच्या सुमाराला लेकीला उलटी झाली. दिवसा पुरणाचा स्वयंपाक झाला होता, मी म्हणलं जास्त खाल्लं असंल. थोड्या वेळानं परत उलटी. आई उठून बसली, म्हणाली डोकं फुटायलंय आणि छातीवर दगड ठेवल्यागत झालंय. तरी माझं डोकं पुरणपोळीतच. सौ. दाराशी थबकली आणि म्हणाली, "लसणाचा वास कुठनं येतोय?"

मंडळी, आमच्या घरात श्रावणात लसूण येत नाही. माळ्यावरच्या टोपलीत असतो तेवढाच, त्याला कोणी हात लावत नाही. तो वास लसणाचा नव्हता.

दोघींना उचलून ओसरीवर आणलं, सगळी दारं सताड उघडली. शेजाऱ्यांची जीप काढली आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांना गोळीचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, या गॅसला उतारा नाही. आम्ही श्वास आणि बीपी सांभाळतो, बाकी शरीर सांभाळतं. दोन दिवस ठेवून घेतलं. दोघी चालत घरी आल्या. तालुक्याच्या दवाखान्यातनं असं प्रत्येक जण चालत येत नाही, हे तिथंच त्या दोन दिवसांत कळलं.

आता ती गोळी काय असते ते समजून घेऊ, कारण आपण तिला डांबराच्या गोळीची बहीण समजतो. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याशी लागली की तिच्यातनं एक ग्रॅम फॉस्फिन गॅस निघतो. विष गोळीपुरतं राहत नाही, गॅस होऊन पसरतं, आणि गॅसला पोत्याचं तोंड, चिंधीची गाठ, दाराची कडी कळत नाही. हवेपेक्षा थोडा जड असतो, फटीतनं सरकतो. पावसाळ्यात ओलावा जास्त, म्हणजे गोळी लवकर फुटते. वास कधी येतो, कधी येत नाही. वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. गोदामात हे वापरतात तेव्हा थप्पीवर गॅस न सुटणारी चादर टाकतात, कडेनं वाळूच्या नळ्या ठेवून ती दाबतात, कित्येक दिवस कुणाला आत सोडत नाहीत, आणि करणारा माणूस शिकलेला असतो. आपल्या मधल्या खोलीत यातलं काय आहे?

आणि हे कायद्यानंही आपल्याला मिळायला नको. ही गोळी सरकारी खाती, सरकारी संस्था आणि परवानाधारक धुरीकरणवाले यांनाच, तेही देखरेखीखाली वापरायला. तीन ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्यांच्या लहान नळ्या २००१ पासून बंद आहेत, त्या घराघरांत जाऊन माणसं मरायला लागली म्हणूनच. तरी पुडीत सुट्टी मिळते. मला मिळाली.

खरी गोष्ट तर याच्या पुढं आहे.

चार दिवस घर उघडं ठेवून आम्ही भावकीत राहिलो. मग ज्वारी बाहेर काढली, ऊन पडलं त्या दिवशी ताडपत्रीवर एकेक कट्टा रिता केला. जाळं शोधायला लागलो. अकरा कट्ट्यांत जाळं नव्हतं. दोन कट्ट्यांत थोडे सोंडे निघाले, तेवढे दरवर्षी निघतात. दाणा चकचकीत, टणक. ज्या पाखरांसाठी मी घरात विष आणलं, ती पाखरं त्या ज्वारीत नव्हतीच.

मग कुठं होती? हे आईनं सांगितलं, आणि दवाखान्यातनं आल्यावर सांगितलं, कारण आधी तिला कोणी विचारलंच नव्हतं. "आरं, ती पाखरं जिन्याकडनं येत्यात. दिवा लावायच्या वक्ताला बघ की. तिकडनंच उडत्यात."

जिन्याखाली अर्धं पोतं भरडा होता. मका आणि ज्वारीची चाळ, वरनं शेंगदाण्याचा चुरा आणि पेंडीची भुकटी, दुभत्या म्हशीसाठी घरीच भरडलेला. म्हैस मे महिन्यात विकली आणि पोतं विसरलं. मी वरचा भरडा मुठीत धरायला गेलो तर मूठभर आलं नाही, गोधडीचं टोक धरावं तसं सगळंच उचलून आलं. जाळ्यानं विणलेलं. आत मळकट पांढऱ्या अळ्या, काळपट डोक्याच्या, धाग्यात बुरशीचे गोळे, आणि वरच्या पायरीच्या खालच्या अंगाला ओळीनं कोष चिकटलेले.

यावर मी पुढं बरंच वाचलं, विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन काचेच्या बाटलीत पाखरं दाखवली. जे कळलं ते सांगतो. तिथल्या कीटकशास्त्राच्या साहेबांनी वेळ दिला, त्यांचे आभार.

आपण सगळ्याला 'पाखरू' म्हणतो, पण आपल्या घरात तीन वेगळी पाखरं येतात आणि तिघांचा धंदा वेगळा.

माझ्या भरड्यातलं ते तांदळावरचं पतंग, शास्त्रात कोर्सिरा. नाव तांदळाचं असलं तरी ज्वारी, बाजरी, मका, रवा, शेंगदाणा, पेंड काहीही चालतं. रंग राखाडी-भुरा, सगळा एकसारखा, पंखावर शिरा किंचित गडद. बसलं की पंख अंगाला गुंडाळून बसतं, काडीचा तुकडा वाटतो. याची अळी अख्खा टणक दाणा सहसा फोडू शकत नाही. तिला फुटलेला दाणा, कणी, पीठ लागतं. हे एक वाक्य लक्षात ठेवा, सगळा खेळ यावर आहे. जाळं मात्र तिन्हींत सगळ्यात दाट हीच विणते.

दुसरं, ज्याला 'भारतीय पिठाचं पतंग' म्हणतात ते प्लोडिया. हे ओळखायला सगळ्यात सोपं, कारण दुरंगी आहे. पंखाचा डोक्याकडचा तिसरा हिस्सा फिकट, पिठूळ, आणि पुढचा सगळा तांब्यासारखा लालसर. धोतर-बंडी घातल्यासारखं दिसतं. शेंगदाणे, बेदाणे, खारीक, बदाम, सुकी मिरची, मक्याचं पीठ, लहान पोरांचं डब्यातलं खाणं, हे याचं. याची अळी पोट भरलं की डब्यातनं बाहेर पडते आणि भिंतीनं वर चढून छताच्या कोपऱ्यात, फळीच्या मागं, झाकणाच्या आट्यांत कोष करते. म्हणून बायका म्हणतात 'अळी छतातनं पडली'. ती छतात जन्मलेली नसते, तुमच्याच डब्यातनं वर गेलेली असते. आणि यातलं 'भारतीय' वाचून उगीच वाईट वाटून घेऊ नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एसा फिच नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. तिकडं मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणायचे, तिथल्या मूळ रहिवाशांच्या मक्यावरनं. आपल्या देशाचा त्याच्याशी संबंध नाही.

तिसरं सिटोट्रोगा. गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळट रंग, लहान, आणि मागच्या पंखाला लांब केसांची झालर. हे मात्र अख्खा दाणा खातं. अंडं बाहेर, पण अळी दाण्यात शिरते, आत खाते, आतच कोष करते आणि बाहेर पडताना दाण्याला गोल खिडकी पाडून जाते. जाळं दिसत नाही, म्हणून लवकर कळत नाही. पोत्यात वरच्या थरातच जास्त असतं, खोल जाऊ शकत नाही. आणि हे पीक रानात उभं असतानाच दाण्यावर येऊ शकतं, म्हणजे घरात आपणच वाजत-गाजत आणतो. भात, मका, ज्वारी, गहू ज्यांच्याकडं आहे त्यांनी मळणी लांबवू नये ती यासाठीही.

बाकी तुरीतला भुंगा, गव्हातला सोंडा, रव्यातला तांबडा किडा हे सगळे कठीण पाठीचे. ते वेगळं प्रकरण, त्यांच्यावर पुन्हा कधी.

आता कोर्सिराची गंमत. आपल्यातले ऊसवाले ट्रायकोकार्ड लावतात ना, खोडकिडीसाठी? त्या कार्डावर जे खसखशीसारखे दाणे चिकटवलेले असतात, एका कार्डावर साधारण अठरा ते वीस हजार, ती याच कोर्सिराची अंडी. प्रयोगशाळेत ती अंडी आधी अतिनील किरणाखाली धरतात, म्हणजे त्यातनं अळी निघत नाही, आणि मग त्यावर ट्रायकोग्रामा सोडतात. मी दहा वर्षं कार्डं लावतोय. ज्या पाखराच्या अंड्यावर माझा ऊस वाचतो त्याच पाखराला मी घरात विष घालत होतो.

पण मुद्दा गमतीचा नाही. हे पाखरू प्रयोगशाळेत मुद्दाम कशावर वाढवतात माहितीय? ज्वारी किंवा बाजरी जाडी भरडायची, त्यात शेंगदाण्याचा कूट घालायचा, थोडं यीस्ट, आणि अंडी शिंपडून टोपली झाकून ठेवायची. साहेब हे सांगत होते आणि मला जिन्याखालचं पोतं दिसत होतं. ज्या कृतीनं प्रयोगशाळेत हजारांनी पाखरं काढतात, ती कृती मी तीन महिने माझ्या घरात चालवली होती, आणि उपाय मात्र शेजारच्या अख्ख्या ज्वारीवर केला.

म्हणून म्हणतो, औषधाच्या आधी पोतं शोधा. शोधायचं कसं, तर आमच्या आईची पद्धत सगळ्यात चांगली. दिवेलागणीला घरात उभं राहायचं आणि पाखरं कुठनं उडतात ते बघायचं. दिवसा ती गपगार बसलेली असतात, भिंतीवर बसलेल्या पाखरावरनं काही कळत नाही. मग त्या अंगाचं सगळं उघडायचं. लोक धान्याची कोठी बघतात आणि थांबतात. बघायचं ते विसरलेलं. कोंबड्यांचा भरडा, सरकी-पेंडीचं उरलेलं, बियाणाच्या पिशवीतले तळाचे दाणे, गेल्या दिवाळीचा अनारशाचा तांदूळ, देवघरातल्या नारळ-खारकांची ओटी, जात्याच्या पाळ्याखालचं पीठ, गिरणीवरनं आणलेल्या डब्याच्या झाकणाच्या खाचा. उंदरानं पळवून माळ्यावर साठवलेले दाणेसुद्धा. जाळं दिसलं, धाग्यात अडकलेली पिठासारखी विष्ठा दिसली, दोन-चार दाणे एकमेकाला चिकटून लोंबताना दिसले की सापडलं.

सापडलं की ते घराबाहेर काढायचं, त्याच दिवशी. मी माझा भरडा शेणखताच्या खड्ड्यात टाकून वर हातभर माती ओढली, त्याआधी कोंबड्यांनी अळ्यांवर जेवण करून घेतलं. जाळ्याचा, बुरशीचा भरडा जनावराला घालायचा मोह होतो, 'म्हशीला काय कळतंय' म्हणून. घालू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलंच पोरगं पितं. मग जिना, फळ्या, कोपरे केरसुणीनं झाडून, भेगा मातीनं लिंपून घेतल्या, कोष खरवडून काढले. मोकळं पोतं उकळत्या पाण्यातनं काढून उन्हात टाकलं. नुसतं झटकून परत वापरलेल्या बारदानातनं दरवर्षी किती कीड आपण घरात आणतो याचा हिशोब कोणी करत नाही.

आणि एवढं केल्यावर लगेच पाखरं संपतील असं नाही. उबदार हवेत अंड्यापासून पाखरापर्यंत महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे आज सगळं साफ केलं तरी फटीत राहिलेली पुढची तीन-चार आठवडे निघत राहतात. नेमक्या इथं माणसाचा धीर सुटतो आणि गोळी आठवते. धीर धरा. पाखरू स्वतः धान्य खात नाही, आठवडा-दोन आठवडे जगतं. त्याला अंडी घालायला जागा मिळाली नाही की संपलं.

त्या भरड्यावर बारीक तपकिरी माश्याही फिरत होत्या, गांधीलमाशीची पिल्लं वाटावी अशा. सौ.नं त्यांच्यावरही फडकं मारलं. त्या ब्रॅकॉनच्या माश्या, अळीला नांगी मारून तिच्यावर अंडी घालणाऱ्या. आपल्याच बाजूच्या. पुढच्या वेळी दिसल्या तर राहू द्या.

आता साठवणीचं. मी यंदा केलं ते सांगतो, सगळं नवीन नाही. ज्वारी मळल्यावर चाळणीतनं काढली आणि कणी, फुटका दाणा, फोलपट वेगळं केलं. आधी आम्ही हे फक्त विकायच्या मालाला करायचो, खायच्या मालाला नाही, म्हणजे उलटंच. कणी ठेवली नाही, आठवड्यात जनावरांना संपवली. मे महिन्याच्या उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवली, उलथत राहिलो. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे. ज्यांना दातावर भरवसा नाही त्यांनी कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवावं. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला. संध्याकाळी गरम गरम भरू नका, रात्री आतल्या आत घाम सुटतो. निववून भरा. बियाणाला मात्र जास्त ताव देऊ नका, उगवण जाते.

आणि भरली हवाबंद पिशव्यांत. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर विणलेलं पोतं. हवा दाबून काढायची, तोंड पिळून, दुमडून, घट्ट बांधायचं. आतला किडा आतलाच प्राणवायू संपवतो आणि गुदमरतो. हे काही परदेशातनं आलेलं शहाणपण नाही. आमच्या आजोबांचं ज्वारीचं पेव हेच करायचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती तीही याच तत्त्वावर. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, तोंड मोकळं ठेवायचं, कंदील खाली सोडायचा, विझला तर थांबायचं, हे आमच्याकडं पोराटोराला माहीत होतं. प्राणवायू फार कमी झाला की किडाही जगत नाही. पेव पाण्याची पातळी, पूर आणि सिमेंटच्या घरांमुळं गेलं. त्याची विद्या पिशवीत भरून परत आलीय एवढंच. फक्त पिशवी उंदरापासून जपा, एक भोक पडलं की पेवाचं झालं पोतं. आणि रोज उघडायची पिशवी वेगळी ठेवा. सारखी उघडझाक केली की हवाबंद राहतच नाही. आम्ही महिन्याचं धान्य कोठीत काढतो आणि बाकी गाठ सोडत नाही.

कडूलिंबाच्या पाल्यावर मला दरवेळी विचारतात. घाला, पण सावलीत वाळवलेला. ओला पाला घातला की ओलावा आणि बुरशी. आणि त्यावर विसंबू नका. चांगल्या वाळलेल्या, चाळलेल्या मालाला त्याची थोडी मदत होते, भरलेल्या किडीला तो मारत नाही. आमच्या भरड्याच्या पोत्यातही पाला होता, त्यालाही जाळं विणलेलं होतं.

कामगंध सापळ्याचं कापूसवाल्यांना सांगायला नको. गुलाबी बोंडअळीचा ल्युर लष्करी अळीला चालत नाही. तसंच इथं. प्लोडियाचा ल्युर कोर्सिराला लावून 'सापळा चालत नाही' म्हणू नका. आणि तो नर पकडतो, म्हणजे कीड आहे की नाही हे कळायला चांगला, संपवायला नाही.

कापूसवाल्यांसाठी आणखी एक, कारण हे वाचून मी चाट पडलो. बीटीला किडा दाद देईनासा होतो हे आपण २०१७ च्या बोंडअळीत सोसलं. पण हे सगळ्यात आधी दाखवून दिलं गेलं ते कापसात नाही, धान्याच्या कोठीतल्या याच प्लोडियावर. अमेरिकेत मॅकगॉघी नावाच्या शास्त्रज्ञानं १९८५ मध्ये. धान्यावर बीटीची भुकटी मारायचे, आणि थोड्याच पिढ्यांत पाखरू पचवायला शिकलं. गोळीचंही तेच चाललंय. गॅस सुटणाऱ्या खोलीत, अर्धवट मात्रेत, मनाला येईल तशी वापरायची म्हणजे कमजोर किडे मारायचे आणि दणकट किडे पुढच्या वर्षासाठी बियाणाला ठेवायचे. साठ्यातल्या किडींत फॉस्फिनला दाद न देणाऱ्या जाती आपल्या देशातही सापडल्यात. उद्या गोदामातही गोळी चालली नाही तर त्यात आपल्या मधल्या खोलीचाही वाटा असेल.

शेवटी कृषी खात्यातले, विद्यापीठातले जे साहेब आणि ताई हे पेज वाचतात त्यांना हात जोडून तक्रार. राग मानू नका. तुमचं शिक्षण बांधापर्यंत येतं आणि खळ्यावर थांबतं. पेरणीआधी मेळावा, फवारणीआधी मेळावा. मळणीनंतर कोण येतं? आणि आलात तरी मेळाव्याला बोलावता आम्हाला, पुरुषांना. माझ्या घरात धान्य कोण भरतं, पाखरू पहिल्यांदा कोण बघतं, डबा कोण उघडतं? पाखरू सौ.नं बघितलं, कुठनं येतंय ते आईला ठाऊक होतं, आणि निर्णय मी घेतला, ज्याला दोन्ही माहीत नव्हतं. तीन पाखरं काचेच्या बाटलीत घालून बचत गटाच्या बैठकीत फिरवा. एक तास पुरतो. पत्रकात साठवणुकीच्या किडीवर उपाय लिहिताना गोळीची मात्रा आधी आणि 'तज्ज्ञांच्या देखरेखीखाली' शेवटी बारीक अक्षरात असते. शेतकरी मात्रेपर्यंतच वाचतो. मीही तेवढंच वाचायचो. घरासाठीच्या पत्रकात ती मात्रा छापूच नका, हे माझं मत.

कोणी म्हणेल, आमच्या घरी वीस वर्षं गोळी ठेवतो, काही झालं नाही. माझ्याही घरी त्या रात्रीपर्यंत काही झालं नव्हतं. ज्यांच्याकडं सध्या पुडी आहे त्यांनी ती कचऱ्यात, विहिरीत, चुलीत टाकू नका, ओल्या हातानं उघडूही नका. कृषी अधिकाऱ्यांना फोन करून विचारा. आधीच धान्यात टाकली असेल तर आत शिरून काढायच्या भानगडीत पडू नका. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या बाहेरनं उघडता येतील तेवढ्या उघडा, आणि कोणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत जड वाटत असेल तर अपचन समजू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या 'धान्याची गोळी' हे पहिलं वाक्य सांगा.

यंदाचं सांगतो. श्रावण सुरू होऊन दहा दिवस झाले. ज्वारीच्या पिशव्यांच्या गाठी तशाच आहेत. परवा लेकीनं स्वयंपाकघरातलं एक पाखरू पेल्याखाली धरलं आणि मला हाक मारली, "बाबा, हे आपलं नाही, हे दुरंगी आहे." तांबडे पंख. आजीनं दिवेलागणीला फळीकडं बोट केलं. पाहुण्यांनी आणलेला बेदाण्याचा पुडा निघाला, कोपऱ्यात बारीक जाळं. अर्धा कोंबड्यांना गेला. जो चांगला वाटला तो सौ.नं घट्ट बांधून फ्रीजरला टाकलाय आठवडाभर, मटाराच्या शेजारी. लाइट राहिली तर किडा मरेल. नाही राहिली तर तोही कोंबड्यांना.